टायरवर अक्षरे कशी बसवतात?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि शाळा पाहायला आलेल्या पालकहो, या फलकाखालच्या टेबलावर एक निळी गाडी ठेवली आहे. ती आधी बघून घ्या. हात लावू नका, नुसती बघा. तिची चाके मोजा. चार नाही, सहा भरतील. पुढे चार बारकी आणि मागे दोन मोठी.

गाडी खेळण्यातली दिसते, पण ती खेळणे नव्हे. खऱ्या गाडीचे प्रत्येक माप २० ने भागून केलेली ती प्रतिकृती आहे. आपल्या शाळेचे एक माजी विद्यार्थी आता शहरात नोकरी करतात. त्यांनी सुट्या भागांचा संच शाळेला दिला आणि आम्ही सातवीच्या मुलामुलींनी तो जुळवला. अंग जुळवणे सोपे गेले. खरा विचार करावा लागला तो टायरवरच्या पांढऱ्या अक्षरांचा. कारण संचात अक्षरांचा कागद एकच असतो. एक अक्षर फाटले की दुसरे मिळत नाही. म्हणून आधी नीट माहिती घेतली, रद्दी ट्यूबच्या तुकड्यांवर सराव केला आणि मगच टायरला हात लावला. ती सगळी माहिती तुमच्यासाठी इथे लिहिली आहे.

ही गाडी कोणती?

ही इंग्लंडमधील टायरेल संघाची शर्यतीची गाडी. तिचे नाव पी ३४. डेरेक गार्डनर यांनी तिचा आराखडा केला. १९७६ आणि १९७७ या दोन वर्षांत ती फॉर्म्युला वन नावाच्या मोठ्या शर्यतींत धावली. १९७६ सालच्या स्वीडनच्या शर्यतीत जोडी शेक्टर हा चालक पहिला आला आणि पॅट्रिक देपाये दुसरा. दोघांच्याही गाड्या सहा चाकांच्या! पुढे १९८३ पासून नियमच झाला की चार चाकांपेक्षा जास्त चाके चालणार नाहीत. त्यामुळे सहा चाकांची दुसरी कोणतीही गाडी फॉर्म्युला वनची शर्यत जिंकलेली नाही.

पुढची चाके लहान का? समोरून येणारा वारा मोठ्या चाकांवर आदळतो आणि गाडीला मागे ओढतो. चाके लहान केली की ती पुढच्या आडोशामागे लपतात. पण लहान चाक रस्त्याला कमी टेकते, पकड कमी पडते. म्हणून दोनाऐवजी चार चाके लावली. पुढच्या चाकाची रिम होती १० इंचांची आणि मागची १३ इंचांची. १० इंच म्हणजे २५४ मिलिमीटर. त्याला २० ने भागले की १२.७ मिलिमीटर. टेबलावरच्या गाडीची पुढची रिम शर्टाच्या बटणाएवढी का, ते आता समजले असेल.

टायरवर अक्षरे असतातच कशाला?

एका आजोबांनी आम्हाला विचारले, “अरे, एवढ्याशा टायरवर नाव नसले तर काय बिघडते?” प्रश्न बरोबर आहे. उत्तरासाठी आधी मोठ्या टायरकडे जाऊ.

घरी गेलात की उभ्या ट्रॅक्टरचे मागचे टायर बघा. त्यावर १३.६-२८ असे काही आकडे असतील. टायरची रुंदी १३.६ इंच आणि रिम २८ इंचांची, असा त्याचा अर्थ. मोटारीच्या टायरवर १४५/८० आर १२ असे लिहिलेले असते. रुंदी १४५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १२ इंचांची. आणखी एका जागी चार आकडे असतात. २३१९ असेल तर ते टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाले. जुने टायर नवे म्हणून कोणी गळ्यात मारू नये म्हणून पालकांनी हे चार आकडे जरूर वाचावेत. म्हणजे टायरवरची अक्षरे ही नुसती नक्षी नव्हे. टायरचे माप, वय आणि कोणी केले ते, सगळे तिथेच लिहिलेले असते.

या शर्यतीच्या गाडीवर ‘गुडइयर’ हे नाव आहे. त्यामागे एक गोष्ट आहे. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक होऊन तडकते. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली शोधले की रबरात गंधक मिसळून तापवले तर ते टिकाऊ होते. १८४४ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. पण पैसा हाती राहिला नाही. १८६० साली ते वारले तेव्हा डोक्यावर कर्ज होते. त्यांच्या नावाची कंपनी निघाली १८९८ साली, म्हणजे ३८ वर्षांनी. ती दुसऱ्याच लोकांनी काढली आणि नाव मात्र त्यांच्या आठवणीसाठी दिले. कर्जात वारलेल्या माणसाचे नाव त्या चाकांवर फिरत होते. प्रतिकृतीवर ते नाव नसेल, तर ती १९७६ ची गाडी राहत नाही. नुसते काळे गोल टायर कोणत्याही खेळण्याला असतात.

डेकल म्हणजे काय?

अंगावरचे आकडे, पट्टे आणि नावे हाताने रंगवत नाहीत. अक्षर फार लहान असते. खऱ्या टायरवर अक्षर ५ सेंटिमीटर उंच धरले, तर आपल्या गाडीवर ते अडीच मिलिमीटर होईल. म्हणजे तिळाच्या दाण्याएवढे. १:४३ च्या प्रतिकृतीवर ते साधारण राजगिऱ्याच्या दाण्याएवढे होईल. एवढे अक्षर ब्रशने सारखे कोण काढणार? म्हणून ते आधी कागदावर छापतात आणि मग सरकवून बसवतात. अशा छापील अक्षराला किंवा चित्राला डेकल म्हणतात.

डेकलचे थर असे असतात. सर्वांत खाली पाणी शोषणारा कागद. त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकासारख्या खळीचा थर. त्यावर अगदी पातळ पारदर्शक पापुद्रा. आणि पापुद्र्यावर छापलेले अक्षर. कागद पाण्यात बुडवला की पाणी मागून आत शिरते, खळ सुटते आणि पापुद्रा मोकळा होतो. तो बोटाने सरकवून हव्या त्या जागी न्यायचा. तिथे पाणी सुकले की उरलेली खळच त्याला चिकटवते.

तुम्ही हातावर छापायचे टॅटू पाहिलेच असतील. तेही पाण्यानेच सुटतात. पण फरक आहे बरं का! टॅटूचा कागद चित्राची बाजू हातावर ठेवून उलटा दाबतात. डेकल उलटे करायचे नसते. ते सुलटेच सरकते.

आता पांढऱ्या अक्षराची एक अडचण. घरच्या किंवा दुकानातल्या साध्या छपाई यंत्रात पांढरी शाई नसते. आपण कागदावर जे पांढरे पाहतो, तो कागदाचाच रंग असतो. पारदर्शक पापुद्र्यावर असे यंत्र पांढरे छापूच शकत नाही. काळ्या टायरवर उठून दिसेल असा दाट पांढरा रंग वेगळ्या रीतीने छापावा लागतो. म्हणून टायरची अक्षरे सहसा घरी तयार होत नाहीत आणि म्हणूनच तो एक कागद इतका जपायचा.

रबराची खोड

गाडीच्या प्लॅस्टिकच्या अंगावर डेकल छान बसते. तेच डेकल टायरवर लावले की कडा उचलतात, तडे जातात, नाहीतर दोन दिवसांनी अक्षर गळून पडते. असे का होते? कारणे चार आहेत.

पहिले कारण तेलकटपणाचे. आई मोदकाच्या साच्याला आतून तूप लावते, कारण मोदक अलगद सुटला पाहिजे. टायरही साच्यातच घडते. ते सुटून यावे म्हणून साच्याला तेलकट द्रव्य लावतात. त्याचा अंश टायरवर राहतो. मोदक सुटायला तूप चांगले, पण अक्षर चिकटायला वाईट.

दुसरे कारण आतल्या तेलाचे. प्रतिकृतींची पुष्कळशी टायरे खऱ्या रबराची नसतात, ती मऊ प्लॅस्टिकची असतात. प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य मिसळलेले असते. ते हळूहळू बाहेर झिरपते. वरून धुतले तरी महिन्यांनी पुन्हा येते.

तिसरे कारण खरखरीतपणाचे. टायर चकचकीत नसते. डोळ्यांना दिसत नाहीत एवढे खळगे त्यावर असतात. पापुद्रा खळग्यांवर पसरतो आणि खाली हवा अडकते. मग अक्षराभोवती चंदेरी पांढुरका डाग दिसतो. दुधी काच बघा. तिच्या खरखरीत बाजूवर पाणी लावले की ती लगेच पारदर्शक दिसते, कारण खळगे पाण्याने भरतात. इथेही तोच प्रकार. खळगे भरले की डाग जातो.

चौथे कारण सर्वांत मोठे. रबर ताणते, पापुद्रा ताणत नाही. हे पटत नसेल तर घरी प्रयोग करा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा १० सेंटिमीटर लांब तुकडा घ्या. एका बाजूवर डिंकाचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. आता तुकडा १२ सेंटिमीटर होईपर्यंत ताणा. डिंक तडतड तडकून पापुद्रे उडतील. ट्यूबला काही होणार नाही. तुकडा सोडला की ट्यूब पुन्हा १० सेंटिमीटर होईल, पण डिंक पुन्हा जुळणार नाही.

म्हणजे मुद्दा काय? अक्षर चांगले चिकटवणे ही पुढची गोष्ट. आधी रबराचे हलणे थांबवले पाहिजे.

पंक्चरवाल्याकडून शिकू या

ज्याला रबरावर काही चिकटवायचे आहे, त्याने फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात जरा वेळ उभे राहावे. तिथले काका काय करतात? ट्यूब पुसतात. भोकाभोवती कानस किंवा पॉलिश पेपर घासून जागा खरखरीत करतात. सोल्यूशनचा पातळ हात देतात. मग लगेच ठिगळ लावत नाहीत. थांबतात. सोल्यूशन सुकत आले की मगच ठिगळ ठेवून दाबतात. घाईच्या गिऱ्हाईकाला ते थांबणे आवडत नाही, पण घाई केली तर ठिगळ निघते.

पुसणे, घासणे, पातळ हात, थांबणे, दाबणे. टायरवर अक्षर लावतानाही हीच पाच कामे करायची आहेत. फक्त दोन ठिकाणी फरक आहे.

एक, ठिगळ स्वतः रबराचेच असते, म्हणून ते ट्यूबबरोबर ताणते. आपले अक्षर ताणत नाही. म्हणून टायर आधी रिमवर चढवून घ्यायचे आणि मगच अक्षर लावायचे. टायरचे भोक रिमपेक्षा थोडे लहान असते, त्यामुळे चढवताना ते ताणते. अक्षर आधी लावून टायर नंतर चढवले, तर तडा ठरलेलाच.

दोन, पंक्चरवाले काका जागा खरखरीत करून तिथेच चिकटवतात. आपल्याला मात्र डेकलखाली गुळगुळीत जागा हवी. मग घासायचे की नाही? घासायचे. खरखरीत रबराला वॉर्निश घट्ट धरते. आणि वाळलेले वॉर्निश वरून गुळगुळीत असते. म्हणजे खाली पकड आणि वर गुळगुळीत जागा, दोन्ही कामे होतात. भिंत रंगवण्याआधी लांबी भरतात, तसेच हे समजा.

साहित्य

रिमवर चढवलेली टायरे, अक्षरांचा कागद, भांड्यांचा साबण, जुना दातांचा ब्रश, अगदी बारीक पॉलिश पेपर, पाण्यात मिसळणारे पारदर्शक चकचकीत ॲक्रिलिक वॉर्निश, तसेच बिनचमकीचे वॉर्निश, बारीक ब्रश, चिमटा, छोटी कात्री, कोमट पाण्याची बशी, टिपकागद, काडीला गुंडाळलेला कापूस, थोडे व्हिनेगर, खडूची टोकदार काडी आणि भिंग.

तेलरंगाचे वॉर्निश घेऊ नका. मऊ प्लॅस्टिकच्या टायरवर ते कित्येकदा नीट वाळतच नाही, चिकटच राहते.

कृती

१. टायर साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने घासून धुवा. स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळा आणि वाळू द्या. आता बाजूच्या भागाला बोट लावू नका. बोटालाही तेल असते.

२. जिथे अक्षर यायचे, तेवढाच भाग पॉलिश पेपरने हलका घासा. काळा भुगा ओल्या फडक्याने पुसून घ्या. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला काही करायचे नाही.

३. चकचकीत वॉर्निशचा पातळ हात द्या. वाळला की दुसरा पातळ हात. एकच जाड हात दिला तर तो तडकतो. रात्रभर झाकून ठेवा, म्हणजे धूळ बसणार नाही.

४. जागा आखा. नाव दोनदा यायचे असेल, तर घड्याळात १२ आणि ६ असतात तशी समोरासमोर. कंपासने कागदाची गोल चकती कापून रिमवर ठेवली तर अक्षरांची ओळ वाकडी जात नाही. अक्षरांचे पाय रिमकडे आणि डोकी बाहेर असतात.

५. कागदावरून नाव कापा. अक्षराभोवतीचा रिकामा पापुद्रा जितका कमी राहील तितके चांगले. नाव सरळ ओळीत छापलेले असेल तर एक एक अक्षर सुटे करा. सरळ पट्टी गोलाईवर ठेवली की सुरकुत्या पडतात. पोळी वाटीच्या काठावर दाबून पाहा, तसेच होते.

६. अक्षर चिमट्याने धरून कोमट पाण्यात १० ते १५ सेकंद बुडवा. मग बाहेर काढून टिपकागदावर मिनिटभर ठेवा. पाण्यातच तरंगू दिले तर खळ धुऊन जाते आणि मग चिकटवायला काही उरत नाही. बोटाने हलके ढकलून पाहा. सरकले की तयार.

७. एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी एकत्र करून त्याचा थेंब जागेवर लावा. त्याने पापुद्रा थोडा मऊ होतो आणि वळणावर नीट बसतो. दुकानात यासाठी खास द्रावणही मिळते.

८. अक्षर जागेवर सरकवा. ओल्या ब्रशने हलवून सरळ करा. मग कापसाने मधून बाहेर अशा दिशेने पाणी टिपा. खाली बुडबुडा राहिला तर भिंगात दिसतो. तिथे ओला ब्रश हलका दाबा. घासू नका.

९. पहिले अक्षर वाळेपर्यंत शेजारचे लावू नका. इथेच सगळ्यांची घाई होते.

१०. सर्व अक्षरे लागल्यावर एक दिवस थांबा. मग बिनचमकीच्या वॉर्निशचा एक पातळ हात संपूर्ण बाजूवर द्या. खरे टायर चमकत नाही. या हाताने चमक जाते, पापुद्र्याची कडा लपते आणि अक्षर दोन थरांच्या मध्ये सुरक्षित राहते.

आता हिशेब करा. समजा प्रत्येक टायरवर नाव दोनदा लावायचे आहे. सहा टायरे, म्हणजे १२ नावे. इंग्रजीत गुडइयर हे नाव आठ अक्षरांचे. १२ गुणिले ८ बरोबर ९६. शहाण्णव वेळा कापणे, बुडवणे, सरकवणे आणि टिपणे! एकट्याने केले तर कंटाळा येतो आणि कंटाळा आला की हात घाई करतो. आम्ही कामे वाटून घेतली. एकीने कापायचे, एकाने बुडवायचे, एकीने बसवायचे आणि एकाने भिंगातून बघून “थांब” किंवा “चल” म्हणायचे. दर दहा अक्षरांनी जागा बदलायच्या.

दुसऱ्या रीती

डेकलशिवाय आणखी रीती आहेत.

घासून उठवायची अक्षरे: यांत पाणी लागत नाही. पारदर्शक पत्र्याच्या मागच्या बाजूला अक्षरे असतात. पत्रा जागेवर ठेवून वरून बोथट टोकाने घासले की अक्षर खाली उतरते. लंडनच्या लेट्रासेट कंपनीची अशी अक्षरे १९६० नंतर फार वर्षे चित्रकार आणि छापखाने वापरत होते. फायदा असा की अक्षराभोवती पापुद्रा नसतो. तोटा असा की एकदा उतरलेले अक्षर सरकवता येत नाही. नेम चुकला की संपले.

कापीव साचा: धान्याच्या पोत्यावर किंवा शाळेच्या बाकावर नंबर टाकताना पत्र्यात कापलेली अक्षरे ठेवून रंगाचा बोळा फिरवतात, तीच ही रीत. बोळ्यावर रंग अगदी थोडा हवा, जवळजवळ कोरडा. जास्त झाला की साच्याखाली पसरतो.

उठावाची अक्षरे रंगवणे: काही टायरांवर अक्षरे साच्यातूनच उठून आलेली असतात. तिथे डेकल नको. बोटावर किंवा रबराच्या सपाट तुकड्यावर थोडा पांढरा रंग घेऊन वरून हलका टेकवायचा. फक्त उंच भागाला रंग लागतो.

खऱ्या मोटारींच्या पांढऱ्या अक्षरांच्या टायरांत तर रंगच नसतो. बाजूच्या काळ्या रबराखाली पांढऱ्या रबराचा थर घालतात. टायर तयार झाले की उठावाच्या अक्षरांवरची काळी साल यंत्राने घासून काढतात आणि आतले पांढरे दिसू लागते. तिथे अक्षरही रबराचे असते. त्यामुळे टायर कितीही वाकले तरी अक्षर तडकत नाही. पंक्चरवाल्याच्या ठिगळासारखेच ते!

आपल्या लिपीत लिहायचे झाले तर

१९७६ सालची शेवटची शर्यत २४ ऑक्टोबरला जपानमध्ये फुजी येथे झाली. तेव्हा टायरेल संघाने आपल्या गाडीच्या अंगावर ‘टायरेल’ हे नाव जपानी हिरागाना लिपीत लिहिले होते. पॅट्रिक देपाये त्या शर्यतीत सहा चाकांच्या गाडीतून दुसरा आला. पाहुण्याने आपल्या गावी येऊन आपल्या अक्षरांत नाव लिहावे, याचा आनंद तिथल्या लोकांना झाला नसेल का?

आपणही आपल्या लाकडी किंवा मातीच्या गाडीच्या चाकावर देवनागरीत नाव लिहू शकतो. पण आपल्या लिपीला एक गोष्ट सांभाळावी लागते. इंग्रजी अक्षरे सुटी असतात, गोलाईवर एकेक ठेवता येतात. आपली अक्षरे शिरोरेषेने बांधलेली. ती सरळ शिरोरेषा गोल चाकावर बसत नाही. मग दोन उपाय. शिरोरेषा अक्षराअक्षरांमध्ये कापायची आणि तुकडे बाहेरच्या वर्तुळावर जवळजवळ ठेवायचे. नाहीतर आधी कंपासने एक वर्तुळ काढायचे, तीच शिरोरेषा मानायची आणि तिला अक्षरे टांगायची. दुसरा उपाय साच्यासाठी आणि ब्रशसाठी चांगला. वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, म्हणून वर थोडी जागा सोडायला विसरू नका.

सूचना

कात्री आणि ब्लेड मोठ्या माणसांसमोरच वापरा. वॉर्निशचे काम खिडकीजवळ किंवा ओसरीवर करा. दिवाळीच्या सुट्टीत सराव करायचा असेल तर विकत काही आणू नका. ट्यूबचे तुकडे पंक्चरच्या दुकानात मागितले तर मिळतात. साबण घरात आहे, पॉलिश पेपर सुताराकडे उरलेला असतो. सराव तुकड्यावर, नंतर टायरवर.

पालकांना विनंती. मुले एकेका अक्षरामागे पाच पाच मिनिटे घालवताना दिसली, तर “काय पोरखेळ चाललाय” म्हणून उठवू नका. धुणे, घासणे, पातळ हात देणे आणि वाळेपर्यंत थांबणे हेच रंगाऱ्याच्या, सुताराच्या आणि गवंड्याच्या कामातही असते.

सांगा पाहू!

१. खऱ्या टायरवरचे अक्षर ६ सेंटिमीटर उंच असेल, तर १:२० च्या प्रतिकृतीवर ते किती मिलिमीटर होईल?

२. मागची रिम १३ इंचांची. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. प्रतिकृतीवर ती किती होईल?

३. टायरवर २३१९ ऐवजी ०५२१ असेल, तर ते कोणत्या साली आणि कितव्या आठवड्यात तयार झाले?

४. चाकावर नाव एकदाच लिहिले आहे आणि ते आता वर सुलटे दिसते आहे. चाक अर्धा वळसा फिरले तर नाव कसे दिसेल?

५. ट्यूबच्या तुकड्यावर डिंकाऐवजी पंक्चरचे सोल्यूशन लावून वाळवले आणि ताणले तर काय होईल? आधी अंदाज लिहा, मग करून पाहा.

उत्तरे कागदावर लिहून फलकाशेजारच्या डब्यात टाका. कागदावर इयत्ता लिहायला विसरू नका. पाचव्या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी प्रयोग करून लिहिले असेल, त्यांचे तुकडे पुढच्या अंकात याच फलकावर लावू.

— इयत्ता सातवी